डायलवरची पट्टी

दि. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि शेजारचे हातातली कामं सोडून ऐकत बसतात, म्हणून यापुढे जे काय भांडायचं ते पत्रातून भांडा, हा आईचा हुकूम पोचला. पत्रातून ओरडता येत नाही असं तिला वाटतं. लेकीची तिला अजून पुरती ओळख नाही.

तर मी खुशाल आहे. स्केटिंगच्या हॉलवर तिकिटं फाडायचं काम सोडलं. का सोडलं ते सांगायला लागले तर पत्र तिकडेच जाईल. (तिथे एक गृहस्थ रोज तिकीट काढून, स्केट न घालता, नुसते गोल गोल चालायचे. त्यांच्याबद्दल पुढे कधीतरी.) आता मी एका मोठ्या लॉन्ड्रीत आहे. लॉन्ड्री कसली, कारखानाच. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या मळक्या चादरी सकाळी ट्रॉल्या भरभरून येतात आणि संध्याकाळी घड्या होऊन परत जातात. मधल्या वेळात इतकी वाफ असते की बाहेरून आलं की कॅमेऱ्याची काच लगेच आंधळी होते. आता मी पोचल्या पोचल्या कॅमेरा पिशवीतच घडीच्या टेबलाखाली ठेवते. तो गरम झाला की मग बाहेर काढते. हे मला कोणी शिकवलं नाही, तूही नाहीस.

घडीच्या हॉलच्या प्रमुख आहेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या माझ्या खांद्याला लागतात. मी स्टुडिओवाल्यांची पोर आहे हे कळल्यावर त्यांनी मला हॉलचा एक फोटो काढायला सांगितलं. हॉटेलांची माणसं येतात तिथे दारापाशी लावायला. मी काढला, अगदी तुझ्या शिस्तीत. डायल हिरव्या ऑटोवर, वरून तुझी चिकटपट्टी. मोठा करून लावलासुद्धा. आणि दादा, एकूण एक चादर राखेत लोळवल्यासारखी! बायका फोटोभोवती जमल्या. एकीने सांगितलं की तू जन्मायच्या आधीपासून मी पांढरं धुते आहे, असा चिखल आजवर कोणी उडवला नव्हता. मोठ्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोटो उतरवला आणि मला फाटके टॉवेल निवडायला मागच्या खोलीत पाठवलं. न बोलणारी माणसं वाईट. तू निदान ओरडतोस.

एकच विचारते. पांढऱ्यासाठी भिंगाचं भोक किती ठेवायचं, शटरचा वेग किती ठेवायचा, ते आकडे लिहून पाठव. पट्टी मी माझी काढेन.

आईला सांग, वेळेवर जेवते. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तसं कळव, नसेल तर आकडे कळव.

तुझी,
भिंगरी


दि. १३ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. आई बरी आहे. आकडे पाठवणार नाही.

पट्टीला हात लावायचा नाही. बाबा गेले आणि स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला, तेव्हापासून आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांवर ती पट्टी आहे. गिऱ्हाईक येतं, स्टुलावर बसतं, मी हलू नका म्हणतो, दिवा उडतो, संपलं. चेहरा ओळखू येतो. फोटोचं काम तेवढंच. ज्याचं काम त्याने करावं, चादरी ज्यांच्या आहेत ते धुतील.

हलू नका याचा अर्थ तुला कधी कळलाच नाही. घरातला एक फोटो दाखव ज्यात तू हललेली नाहीस. मावशीच्या लग्नातल्या फोटोत सगळं घर ओळीने उभं आहे आणि तुझ्या जागी धुराचा लोट. शेवटी तेवढा भाग कापून मला तो चौकटीत बसवावा लागला. फोटोतसुद्धा जिचा पाय ठरत नाही ती फोटो काढणार.

आता नीट वाच. ऑगस्टात शाळांचे वर्गफोटो सुरू होतात आणि मला दोन्ही कॅमेरे लागतात. त्याच्या आत दुकानाच्या दर्शनी काचेत लावण्यासारखा एक फोटो पाठव. माणसांचा. जमला तर कॅमेरा तुझा, मी माझी सोय बघेन. नाही जमला तर कॅमेऱ्यासकट परत यायचं, काउंटरवर बसायचं आणि पायातलं चक्र काढून खुंटीला टांगायचं. हे आईसमोर लिहितो आहे, तिने मान हलवली आहे. होकार की नकार, ते विचारलं नाही.

अंगावर ओले कपडे ठेवू नकोस. राग मानलास तरी उत्तर लिही.

तुझा,
दादा


दि. १ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टी काढली.

आधी हेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू उभा असशील तर बसशील. नखाने खरवडून काढली. डिंक इतका जुना की दगड झाला होता. अजून नखात आहे, टॉवेलाला चिकटतो. डायल एम वर, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवायचं तिथे, नेली आणि कॅमेऱ्याने हात वर केले. ऑटोवर सगळं आपणहून करणारा हा बाबा एम वर नुसता बघत बसतो. पहिला फोटो पूर्ण काळा. दुसरा पूर्ण पांढरा. तिसऱ्यात काहीतरी होतं, ते माझं बोट निघालं.

लॉन्ड्रीच्या मागे एक नळ ठिबकतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर बसायला लागले. भोक आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, फक्त वेग बदलायचा. वेग जास्त ठेवला की थेंब हवेत मण्यासारखा अडकतो. कमी केला की थेंबाचा दोरा होतो. दोरा झाला की उजेडही जास्त शिरतो, म्हणून मग भोक लहान करायचं, आणि भोक लहान केलं की त्याचा आकडा मोठा होतो. हा कुठला न्याय? दोन दिवस मी उलटंच करत होते. बॉयलरवाला म्हणाला की प्लंबर बोलावला असता तर नळ एव्हाना दुरुस्त झाला असता. मी त्याला ताकीद दिली की माझी परीक्षा होईपर्यंत वॉशर बदलायचा नाही.

आणि मग गंमत. बॉयलरचं दार कोळशासारखं काळं आहे. सहज ऑटोवर टाकून त्याचा फोटो काढला. दार राखाडी आलं. चादरी राखाडी, दारही राखाडी! मी तिथेच फतकल मारून बसले. कॅमेऱ्याला काळं-पांढरं काही कळतच नाही रे. समोर जे येईल ते मधलं आहे असं धरून चालतो, पांढऱ्याला खाली ओढतो, काळ्याला वर ढकलतो. सगळ्यांना एका स्टुलावर बसवून हलू नका म्हणणारा अजून एक माणूस मला माहीत आहे. नाव घेत नाही, मोठा भाऊ आहे.

मग चादरी. कॅमेरा सांगेल त्यापेक्षा जास्त उजेड घ्यायचा, हे कळलं. किती जास्त, ते हातानेच कळायचं होतं. एका दिवशी इतका घेतला की चादरी नाहीशाच झाल्या, बायका हवेला घड्या घालत होत्या. एका सकाळी नळाचेच आकडे घेऊन हॉलमध्ये शिरले आणि दुपारपर्यंत कपाळ बडवत होते. पण जमलं. मोठ्या बाईंनी नवा फोटो हातात घेतला, टेबलावरून उशीची धुतलेली खोळ उचलली आणि फोटोशेजारी धरून खिडकीपाशी नेली. बराच वेळ इकडून तिकडून पाहिलं. मग म्हणाल्या की आता धुतली. मला परत घडीच्या हॉलमध्ये घेतलं.

तिथे दोन जावा आहेत, थोरली आणि धाकटी. किती वर्षं झाली कोणाला आठवत नाही, त्या एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. काही सांगायचं झालं तर मधे मला उभी करतात. थोरली माझ्याकडे बघून म्हणते की हिला सांग पाणी पिऊन घे. आणि त्याच दोघी मिळून मोठ्या चादरीची घडी घालतात, कारण त्यांच्यासारखी जोडी दुसरी नाही. दोन टोकांना दोघी, चादर एकदा झटकतात, चालत समोरासमोर येतात, बोटाला बोट लागतं, कोपरे हातात देतात, परत मागे. तोंड फिरवलेलं, कोपरे मात्र तंतोतंत. मी त्यांच्याकडे बघत बसते आणि माझी घडी तिरकी होते.

अट मान्य आहे. फोटो पाठवते. आईला तिच्या मान हलवण्याचा अर्थ विचार. तुझा राग तिथे मावत नसेल तर थोडा इकडे पाठव, इथे सगळं धुऊन मिळतं.

तुझी,
भिंगरी


दि. १९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, म्हणजे पट्टीचं वाचून तू उभाच राहिलास.

सोबत फोटो आहे. दोन्ही जावा. आधी पूर्ण बघ, मग खालचं वाच.

चादर हललेली आहे ते मला दिसतं. ती मी हलू दिली. आधी मी वेग वाढवून काढले होते, सगळं गोठलं. चादर पत्र्यासारखी, जावा दुकानातल्या बाहुल्यांसारख्या. चूक एकही नाही आणि जीव कुठेच नाही. मग नळ आठवला. वेग उतरवत उतरवत सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत आणला. एवढ्या वेळात हात हलतो, म्हणून ट्रॉलीवर कोपरं रोवली आणि श्वास धरला. चादर झटकताना दोघी पाय रोवून क्षणभर ताठ उभ्या राहतात, हे रोज बघून मला पाठ झालंय. तो क्षण पकडायचा. चादर वाहते, त्या उभ्या. आणि त्याच क्षणी, चादर वर असते तेव्हा, त्या चादरीखालून एकमेकींकडे बघतात. रोज बघतात! त्यांना वाटतं कोणाला दिसत नाही. मलाही फोटो बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

थोरलीला दाखवला तर तिने तोंडाला पदर लावला. मला सांगितलं की हिला सांग, हिचे केस पांढरे झाले. मी म्हटलं, शेजारीच उभी आहे, तूच सांग. नाही सांगितलं. पण फोटो दोघींनी मिळून धरला होता, दोन कोपरे हिच्याकडे, दोन तिच्याकडे.

काचेत लाव. लोभ करायचा की नाही ते फोटो बघून ठरव, सवयीने नको.

तुझी,
भिंगरी


दि. २८ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ.

फोटो मिळाला. हललेला आहे.

चेहरे आहेत हे मान्य. पण अर्ध्या फोटोत नुसता पांढरा लोट. मावशीच्या लग्नात तू जिथे उभी होतीस तिथे अगदी असाच होता. गिऱ्हाईक काचेपाशी थांबून म्हणेल की या स्टुडिओत फोटो हलतात. तुला कळत नाही, मला इथे बसायचं आहे.

अट अट आहे. शाळांचं काम दहा तारखेला सुरू होतं. त्याच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्यासकट पोच. स्टेशनवर येईन. मागची खोली आवरून घेतली आहे. मी वाईट वागतो आहे असं तुला वाटेल, वाटू दे. जवळ असलीस तर भांडायला सोपं जाईल.

तुझा,
दादा

ता. क. भिंगरे, मी आई. तो पाकीट चिकटवायला डिंक आणायला आत गेलाय. काल मी तुझा फोटो काचेत लावला, त्याने काढला. दुपारी परत लावला, परत काढला. तुझे बाबा म्हणायचे की हा मुलगा खांब आणि ही पोर वारा, घर कसं उभं राहायचं. माझी मान तेव्हा का हलली ते मलाच माहीत नाही, बहुतेक माशी असेल. तुला योग्य वाटेल ते कर. गरम कपडे घाल. आला.


दि. ३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी येत नाही. कॅमेराही येत नाही.

अट मोडते आहे, हो. शब्द देऊन मोडते आहे, हेही खरं. पण अट काय होती ते आठव. काचेत लावण्यासारखा फोटो. काच तुझी, नजर तुझी, आणि हललेल्याला तुझ्याकडे एकच उपाय, कातरी. मग मी कितीही फोटो पाठवले तरी हरणारच. शर्यत तू लावायची, घोडा तुझा, आणि निकालही तूच द्यायचा.

तो फोटो हललेला आहे, चुकलेला नाही. काय हलू द्यायचं आणि काय स्थिर ठेवायचं ते मी ठरवलं, पट्टीने नाही. तुला चूक आणि हालचाल यातला फरक दाखवायला मी काउंटरवर येऊन बसणार नाही. कॅमेरा पाहिजेच असेल तर स्वतः ये आणि माझ्या गळ्यातून काढून ने. मोठ्या बाईंना सांगून ठेवलंय. त्या माझ्या खांद्याला लागतात, तुझ्या कमरेला लागतील, पण तू त्यांना बघितलेलं नाहीस.

मावशीच्या लग्नातला माझा कापलेला तुकडा कुठे टाकलास? ठेवला असशील तर तो पाठव. धूर तर धूर, मी होते तिथे.

आईला सांग, माशीला माझा नमस्कार. भांडण चालू राहो, म्हणजे पत्रं चालू राहतील.

तुझी,
भिंगरी


दि. १२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. आ.

हे पत्र भांडणाचं नाही. भांडण तसंच ठेव, मी परत येईन त्याच्याकडे.

परवा पहिल्या शाळेत गेलो. दरवर्षी ते हॉलमध्ये बसवतात, यंदा हॉलचं छप्पर काढलंय. म्हणून वर्ग व्हरांड्यात सावलीत बसवला, मागे मैदान आणि मैदानावर टळटळीत ऊन. दिवा लावायला व्हरांड्यात वीज नाही आणि कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही. ऑटोवर काढला. मैदान सुरेख आलं, गवताची काडी न् काडी. पुढे चाळीस करपलेले पाव. मुख्याध्यापक बाईंनी मला बोलावून विचारलं की यातला कोणता मुलगा कोणता, हे पालकांना कसं ओळखू यायचं. सोमवारी पुन्हा काढायचाय. नाही जमला तर ते दुसरीकडे बघतील, आणि एक शाळा गेली की बाकीच्या तिच्यामागे जातात. तू ओळखतेस त्यांना.

पट्टी तुझा हात अडवायला लावली असं तुला वाटत आलंय. ती लावली तेव्हा तुझा हात कॅमेऱ्यापर्यंत पोचतही नव्हता. बाबा अचानक गेले आणि मला फक्त बटण दाबता येत होतं. कोणी डायल फिरवली असती आणि मला परत जागेवर आणता आली नसती, तर दुकान बंद झालं असतं. म्हणून लावली. पुढे शिकेन म्हटलं. पुढे गिऱ्हाईकं आली.

काल काढली. नखात डिंक गेलाय. हे तुझं आधी वाचलं होतं म्हणून कळलं की तो डिंकच आहे, हात सडला नाही.

मुलं सावलीत, मागे ऊन. भोक किती, वेग किती? उलट टपाली आकडे पाठव.

तुझा,
दादा


दि. १४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आकडे पाठवणार नाही.

तुझं जूनचं पत्र समोर ठेवून हे लिहिते आहे, पण सूड म्हणून नाही. (थोडासा आहे.) माझ्याकडे तुझे आकडे नाहीतच रे. ते तुझ्या त्या व्हरांड्यात आहेत. मी इथून सांगितले आणि सोमवारी ढग आला तर? मला शिव्या देशील आणि पट्टी परत लावशील.

त्याऐवजी हे कर. मुलं यायच्या आधी जा. कोणालातरी, आईला घेऊन जा हवं तर, मुलं बसतात त्या बाकावर बसव. तिच्या गालाच्या इतका जवळ जा की कॅमेऱ्याला गालाशिवाय काही दिसू नये, मैदान नाही, ऊन नाही. तिथे भोक आणि वेग जुळवत जुळवत कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी खूण मधोमध आण. मग मागे तुझ्या जागेवर ये आणि कशालाही हात लावू नकोस. कॅमेरा बोंबलेल की उजेड जास्त झाला. बोंबलू दे. त्याला मैदान दिसतंय, तुला मुलं. मैदान पांढरंफटक पडेल. पडू दे, त्याचे पालक येणार नाहीत.

एक फोटो काढ, बघ, थोडं कमी कर, पुन्हा काढ. पन्नास काढ. चुकलेले मोजू नकोस. सावलीत वेग फार ठेवता येणार नाही, म्हणून कॅमेऱ्याची तिपाई ने. मुलांना हलू नका म्हण, म्हणायला काय जातं.

आणि दादा, नखातला डिंक आठवडाभर जात नाही. मी तुला आधीच सांगितलं असतं, पण तू ऐकलं नसतंस. इथे काल थोरली मला मधे न घेता धाकटीला म्हणाली की सरक. एकच शब्द, पण सगळा हॉल थांबला.

मी इथेच आहे. कॅमेरा गळ्यात आहे. या दोन्ही गोष्टी बदलणार नाहीत, बाकी तू म्हणशील ते. तू माझा मोठा भाऊ, तेवढा रहा.

तुझी,
भिंगरी


दि. २२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. आ.

सोबत वर्गफोटो आहे. आईचा गाल कामाला आला. दर फोटोनंतर ती विचारत होती की झाला का, आणि आधीचे फोटो इतके काळे की ती हसते आहे की ओरडते आहे ते खूण मधोमध येईपर्यंत कळलं नाही. बाकी शाळाही कायम आहेत. कॅमेऱ्याची मी दुसरी सोय केली, त्याची विचारपूस नको.

तुझ्या जावा काचेत आहेत. आईने लावल्या, या वेळी मी काढल्या नाहीत. कालच एक बाई थांबून विचारत होत्या की आमचाही असा काढाल का. मी त्यांना आठवड्याने यायला सांगितलंय, तोवर नळ बघतो. आपला स्टुडिओमागचा थोडा गळतोच.

मावशीच्या लग्नातला तुकडा सापडला. पाठवत नाही, तो मला लागेल. तो मूळ फोटोला परत जोडायचाय.

वर्गफोटोत तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी बघ. सगळे चेहरे स्पष्ट आहेत, आणि ती एक मुलगी हलली. तिच्या जागी नुसता लोट आणि दोन रिबिनी. बाईंनी विचारलं की पुन्हा काढायचा का.

मी नाही म्हटलं.

तुझा,
दादा